लंडनच्या गल्लीत गाडी लावताना: परमिट झोन कसा वाचायचा आणि कसा मागायचा

लंडनमध्ये घर भाड्याने घेताना आपली माणसं स्टेशन किती मिनिटांवर आहे ते विचारतात, शाळा विचारतात, कोथिंबीर आणि कढीपत्ता कुठल्या दुकानात मिळतो तेही विचारतात. गाडी कुठे उभी करायची हा प्रश्न सामान आत आल्यावर निघतो. तोवर करारावर सही झालेली असते.

मी मूळची ठाण्याची. आता बरीच वर्षं उत्तर-पश्चिम लंडनमध्ये, मेट्रोपॉलिटन लाइनच्या एका स्टेशनापासून चालत जाण्याच्या अंतरावर राहते. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात बांधलेल्या जोडघरांची आमची गल्ली. बांधताना दर घराला एक गाडी असेल असंही कुणी धरलं नव्हतं. आज बऱ्याच घरांना दोन आहेत. गल्लीतल्या रहिवाशांच्या वतीने कौन्सिलशी, म्हणजे इथल्या पालिकेशी, बोलायचं काम माझ्याकडे आलं आणि आमच्याकडे परमिट झोन आला तेव्हा सह्यांचा कागद माझ्याच हातात होता. तेव्हापासून ओळखीतल्या कुणाची गाडी अडली की फोन मला येतो. तेच सगळं इथे सविस्तर लिहिते आहे.

आधी हे काय आहे ते

ब्रिटनमधले पहिले पार्किंग मीटर १९५८च्या जुलैमध्ये लंडनच्या मेफेअर भागात बसले. पुढे मध्य लंडनमधल्या रहिवाशांना स्वतःच्याच रस्त्यावर जागा मिळेना, म्हणून रहिवाशांची परमिटं आली आणि हळूहळू ती पद्धत उपनगरांत पसरली. तिला कंट्रोल्ड पार्किंग झोन म्हणतात, रोजच्या बोलण्यात सीपीझेड. अशा झोनमध्ये ठरलेल्या वेळेत रस्त्याच्या कडेच्या प्रत्येक फुटाला काही ना काही नियम लागू असतो. एक तर तिथे पांढऱ्या रेषांनी आखलेला बे असतो, नाहीतर पिवळी रेषा. बेमध्ये परमिट असलेली गाडी उभी राहते, पिवळ्या रेषेवर त्या वेळेत कुणाचीच नाही.

परमिट घेतलं म्हणजे घरासमोरची जागा आपली झाली, असं होत नाही. परमिट म्हणजे त्या झोनमध्ये जागा शोधायची परवानगी. घरासमोर कचऱ्याचा डबा किंवा प्लॅस्टिकचा शंकू ठेवून जागा धरणं तर बेकायदेशीरच आहे. रस्ता सार्वजनिक आहे आणि तुमच्या खिडकीखाली शेजाऱ्याची गाडी लागली तर तो त्याचा तितकाच हक्क आहे. हे मनात पक्कं असेल तर निम्मी भांडणं सुरूच होत नाहीत.

घर घेण्याआधी

पोस्टकोड मिळाला की कौन्सिलच्या संकेतस्थळावर तो टाकून बघा. घर कुठल्या झोनमध्ये येतं, परमिटचा दर काय, एका घराला किती परमिटं मिळतात, हे तिथे कळतं. लंडनमध्ये ३२ बरो, म्हणजे स्वतःचं कौन्सिल असलेले विभाग, आहेत, शिवाय सिटी ऑफ लंडन वेगळी, आणि प्रत्येकाचे नियम निराळे. मित्र ईलिंगमध्ये राहतो म्हणून त्याचा अनुभव ब्रेंटमध्ये चालेल असं समजू नका. कधी कधी बरोची हद्द रस्त्याच्या मधोमध जाते, आणि समोरच्या फुटपाथला दुसऱ्या कौन्सिलचे दर लागू असतात.

नवा फ्लॅट असेल तर एक गोष्ट सगळ्यात आधी विचारा. बऱ्याच नव्या इमारती 'कार-फ्री' अटीवर मंजूर झालेल्या असतात. बांधकामाच्या परवानगीतच लिहिलेलं असतं की इथल्या रहिवाशांना रस्त्यावरचं परमिट मिळणार नाही. २०२१च्या लंडन प्लॅनमध्ये, म्हणजे शहराच्या विकास आराखड्यात, तर जिथे ट्यूब आणि बस चांगल्या आहेत तिथे नवी इमारत कार-फ्री असावी, हीच सुरुवातीची अपेक्षा धरली आहे. म्हणजे जुन्या घरात राहणारे शेजारी परमिट काढतात, तुम्ही त्याच रस्त्यावर राहून अर्ज केलात तर तो फेटाळला जातो आणि त्यावर अपील करूनही सहसा काही हाती लागत नाही. एजंट "स्ट्रीट पार्किंग आहे" एवढंच सांगतो; रस्त्यावर पार्किंग आहे हे खरंच असतं, तुम्हाला ते मिळेल का हे तो सांगत नाही. कौन्सिलच्या पार्किंग विभागाला पूर्ण पत्ता, फ्लॅटच्या क्रमांकासह, ईमेलने पाठवा आणि "या पत्त्याला रहिवासी परमिट मिळू शकतं का" असं सरळ विचारा. लेखी उत्तर येईपर्यंत अनामत भरू नका. या एका ईमेलमुळे किती जणांचा मनस्ताप वाचला आहे ते मी पाहिलं आहे, म्हणून इतकं आग्रहाने सांगते.

दुसरं, रस्ता स्वतः जाऊन बघा, आणि संध्याकाळी साडेआठ-नऊनंतर बघा. घर दाखवायची वेळ बहुतेक दुपारची असते. तेव्हा निम्मे रहिवासी गाडी घेऊन कामावर गेलेले असतात.

पाटी वाचणं

नव्याने आलेल्यांना दंडाचं तिकीट मिळतं ते बहुतेक याच ठिकाणी. झोनमध्ये शिरताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मोठी पाटी असते: 'कंट्रोल्ड झोन' असे शब्द आणि खाली वार व वेळ. त्या वेळा आतल्या सगळ्या एकेरी पिवळ्या रेषांना लागू असतात. म्हणून आतल्या रेषेजवळ वेगळी पाटी नसते. गाडी लावून माणूस आजूबाजूला बघतो, खांबावर काहीच दिसत नाही, आणि "इथे काही लिहिलेलं नाही, म्हणजे चालतं" असं समजून निघून जातो. लिहिलेलं असतं, पण दोन वळणं मागे. पिवळी रेषा दिसली आणि पाटी दिसली नाही तर झोनच्या वेशीवर जाऊन वेळ वाचा. रेषेच्या जवळच वेगळी पाटी असेल तर मात्र ती पाळायची.

दुहेरी पिवळी रेषा म्हणजे कधीच नाही, रात्री नाही आणि रविवारीही नाही. कर्बवर, म्हणजे फुटपाथच्या कडेवर, आडव्या छोट्या पिवळ्या खुणा असतील तर सामान चढवण्या-उतरवण्यावरही बंधन आहे. अशा खुणा नसतील तर पिवळ्या रेषेवर फ्रीज किंवा पलंग उतरवायला थोडा वेळ थांबता येतं, पण काम खरंच चालू दिसलं पाहिजे.

बेजवळच्या छोट्या पाटीवर झोनचं अक्षर किंवा अक्षर-आकडा असतो. तुमच्या परमिटवरचं अक्षर तेच हवं. पुढच्या चौकात झोन बदलत असेल तर तुमचं परमिट तिथे कामाचं नाही. काही बे सामायिक असतात. तिथे परमिटवाले आणि पैसे भरून थांबणारे दोघेही चालतात. काही छोट्या गल्ल्यांमध्ये तर आत काहीच आखलेलं नसतं. तोंडाशी फक्त एक पाटी: 'इथून पुढे फक्त परमिटधारक'. एकही रेषा दिसत नाही म्हणून तिथे मोकळी जागा आहे असं समजू नका.

बँक हॉलिडेला सूट आहे की नाही, हे कौन्सिलगणिक बदलतं. घरी बसून तपासायला दोन मिनिटं लागतात. आणि फुटपाथवर दोन चाकं चढवून लावायची सवय असेल तर ती विमानतळावरच सोडून या. लंडनमध्ये १९७४च्या कायद्याने फुटपाथवर गाडी लावायला बंदी आहे. पाटीने मुद्दाम परवानगी दिलेली असेल तेवढ्याच ठिकाणी चालतं.

परमिट काढताना

कागद दोन प्रकारचे लागतात: तुम्ही तिथे राहता याचा पुरावा आणि गाडी तुमची आहे व त्याच पत्त्यावर नोंदलेली आहे याचा पुरावा. पहिल्यासाठी कौन्सिल टॅक्सचं बिल किंवा भाडेकरार. दुसऱ्यासाठी गाडीचं लॉगबुक, म्हणजे व्हीफाइव्हसी. त्यावरचा पत्ता बदलायला पैसे लागत नाहीत आणि तो न बदलल्यास १००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो, म्हणून घर बदललं की त्याच आठवड्यात ऑनलाइन बदलून घ्या. विम्याच्या कागदावरही नवा पत्ता हवा. लॉगबुक यायला वेळ लागत असेल तर थोड्या मुदतीचं तात्पुरतं परमिट बऱ्याच कौन्सिल देतात. ते आहे हे अर्जाच्या पानावर ठळकपणे लिहिलेलं नसतं, विचारावं लागतं. गाडी कंपनीची असेल तर ती तुम्हीच वापरता असं कंपनीचं पत्र लागतं.

दर सगळीकडे सारखे नाहीत. बऱ्याच बरोंमध्ये गाडीच्या धुरावर दर ठरतो, डिझेलला जादा आकार असतो, आणि घरातल्या दुसऱ्या-तिसऱ्या गाडीचं परमिट चढत्या भावाने मिळतं. जुनी डिझेल गाडी स्वस्तात मिळते आहे म्हणून घेणाऱ्यांनी आधी परमिटचा दर आणि युलेझचा, म्हणजे जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांना लंडनमध्ये चालवण्यासाठी पडणारा, आकार दोन्ही बेरजेत धरावे.

आता बहुतेक ठिकाणी काचेवर चिकटवायचा कागद नसतो. गाडीचा नंबर हेच परमिट, आणि वॉर्डन तो यंत्रात तपासतो. यात एक अडचण आहे. तुमची गाडी दुरुस्तीला गेली आणि गॅरेजने दुसरी दिली, तर त्या गाडीच्या नंबरावर परमिट नसतं. घरी आणून लावण्याआधी कौन्सिलच्या खात्यात जाऊन नंबर तात्पुरता बदला. भाड्याची गाडी आणली तरी हेच. नूतनीकरणाची आठवण ईमेलने येते, पण ईमेल बदलला असेल तर ती येत नाही, आणि परमिट संपल्याच्या दुसऱ्या दिवशी लागलेल्या तिकिटाला ती सबब चालत नाही. मुदतीची तारीख स्वतःच्या फोनमध्ये टाकून ठेवा.

पाहुणे

आपल्या घरात माणसांचा राबता असतो. सत्यनारायण, डोहाळजेवण, गणपती, आणि महाराष्ट्रातून आई-वडील आलेले असले की त्यांना भेटायला येणारे. पाहुण्यांसाठी व्हिजिटर परमिट किंवा व्हाउचर असतं. काही कौन्सिल खरवडून तारीख उघडायची कार्डं देतात, बहुतेक आता फोनवरून देतात, तासाच्या किंवा दिवसाच्या हिशेबाने. वर्षाला किती मिळतील यावर मर्यादा असते. दिवाळी तोंडावर आल्यावर नवं खातं उघडायला जाऊ नका. ओळख पडताळायला वेळ जातो. घरात राहायला आल्या आल्याच खातं उघडून ठेवा आणि थोडी व्हाउचर शिल्लक असू द्या.

कार्यक्रमाच्या निरोपात पत्त्याखाली एक ओळ घाला: झोन कुठला, त्या वारी किती ते किती, आणि व्हाउचरसाठी गाडीचा नंबर कुणाला पाठवायचा. झोन सोमवार ते शुक्रवारच असेल आणि पूजा शनिवारी असेल तर तेही लिहा, म्हणजे लोक निर्धास्त येतील. लंडनच्या महाराष्ट्र मंडळाचं, १९३२ साली स्थापन झालेल्या आपल्या जुन्या संस्थेचं, घर डॉलिस हिलमध्ये वस्तीच्या रस्त्यावर आहे. तिथे गणपतीला जाताना शेजाऱ्यांच्या ड्राइव्ह-वेसमोर गाडी लावू नका, एवढी कळकळीची विनंती. वर्षभर सहन करणारे शेजारी त्या काही दिवसांच्या वागण्यावरून आपल्याविषयी मत बनवतात.

वेम्बलीत कुणाकडे जाणार असाल तर तारीख बघा. स्टेडियममध्ये ९०,००० माणसं बसतात. सामना किंवा मैफल असलेल्या दिवशी आजूबाजूच्या मोठ्या भागात सकाळी ८ ते मध्यरात्रीपर्यंत वेगळी बंधनं लागू होतात, एरवी मोकळ्या असणाऱ्या रस्त्यांवरसुद्धा. आत शिरताना पाटीवर पुढच्या कार्यक्रमाची तारीख लावलेली असते.

घरी वृद्ध माणसांची देखभाल करायला कुणी येत असेल तर केअरर परमिटची चौकशी करा. ब्लू बॅज, म्हणजे अपंग व्यक्तींसाठीचं पार्किंगचं कार्ड, असलेल्यांना पिवळ्या रेषेवर, सामान उतरवण्याची बंदी नसेल तिथे, तीन तासांपर्यंत थांबता येतं, पण वेस्टमिन्स्टर, केन्सिंग्टन अँड चेल्सी, सिटी आणि कॅम्डनचा काही भाग इथे नियम वेगळे आहेत. घर हलवायचं असेल तर ट्रकसाठी बे तात्पुरता राखून घेता येतो. अर्ज काही आठवडे आधी करावा लागतो आणि पैसे लागतात.

गल्लीत झोन हवा असेल तर

हा भाग मला सगळ्यात जवळचा, कारण इथे लोक घाईने चुकीची मागणी करतात आणि मग वर्षानुवर्षं तिचे पैसे भरतात.

सह्या गोळा करायच्या आधी मोजा. पहाटे सहाला गल्लीतून चालत जा आणि उभ्या गाड्या मोजा. मग सकाळी अकराला, मग रात्री नऊला, आणि एकदा रविवारी. जागा किती आहेत तेही काढा: ड्राइव्ह-वे आणि कोपरे सोडून उरलेल्या कडेचे मीटर मोजा आणि पाच मीटरला एक गाडी धरा. वहीत तारीख-वेळ घाला. चार फेऱ्यांत चित्र स्पष्ट होतं. पहाटे जागा आणि अकराला गच्च, असं असेल तर बाहेरची माणसं गाडी लावून ट्यूब पकडतायत. त्यावर झोन हा उपाय आहे. पण पहाटे सहालाही गच्च असेल, तर त्या गाड्या तुमच्याच आहेत. मग झोन आणून काही बदलणार नाही. सगळ्यांना परमिट मिळेल, सगळे पैसे भरतील आणि जागा तितक्याच राहतील.

तितक्याही राहणार नाहीत, खरं तर. हायवे कोड, म्हणजे ब्रिटनमधली रस्त्याच्या नियमांची पुस्तिका, सांगते की कोपऱ्यापासून १० मीटरच्या आत गाडी लावू नये. आज लोक लावतात. झोन आला की कौन्सिल ते कोपरे दुहेरी पिवळ्या रेषेने बंद करते आणि ड्राइव्ह-वेच्या तोंडांवर एकेरी रेषा ओढते. चार-सहा जागा सहज जातात. आणखी एक: आजवर स्वतःच्या ड्राइव्ह-वेसमोर आडवी गाडी लावणाऱ्यांना झोनच्या वेळेत ते करता येणार नाही, कारण तिथे आता पिवळी रेषा असते. शेजाऱ्यांना हे सह्या घेतानाच सांगा. नंतर कळलं तर ते तुमच्यावर चिडतात, आणि त्यांचं चिडणं रास्त असतं.

आता तास. लोकांना वाटतं जितके जास्त तास तितकं संरक्षण जास्त. स्टेशनाजवळच्या गल्लीत हे चुकीचं आहे. नोकरीला जाणारा माणूस सकाळी आठला गाडी ठेवतो आणि संध्याकाळी सहाला नेतो. त्याला अडवायला दिवसभराची बंदी लागत नाही. मधला एक तास पुरतो. सोमवार ते शुक्रवार सकाळी १० ते ११ असा झोन असेल, तर दिवसभर गाडी ठेवून जाणं त्याला अशक्य होतं. दुपारी दोनला तुमच्याकडे येणाऱ्या मावशीला मात्र व्हाउचर लागत नाही, प्लंबरला लागत नाही, मुलांना शाळेतून आणणाऱ्या शेजारणीला लागत नाही. हॅरो आणि बार्नेटमध्ये स्टेशनांभोवती असे एका तासाचे झोन आहेत. शेजारशेजारच्या झोनचे तास वेगवेगळे ठेवतात, एकीकडे सकाळी, दुसरीकडे दुपारी, म्हणजे थोडेच वॉर्डन सगळीकडे फिरू शकतात.

आमच्या गल्लीत यावर बराच वाद झाला. काहींना सकाळी आठ ते संध्याकाळी साडेसहा हवं होतं. समोर एक आयरिश आजी राहायच्या, त्यांच्याकडे देखभालीला दिवसातून तीनदा बाई यायची. त्या आजी बैठकीत म्हणाल्या की दिवसभराचा झोन झाला तर त्यांचं घर सगळ्यांसाठी महाग होईल. त्यानंतर एका तासाच्या बाजूने हात वर आले. मला आजही वाटतं, कुठल्याही गल्लीने आधी एक तास मागावा, अपुरा पडला तर वाढवून घ्यावा. वाढवणं सोपं आहे. एकदा मिळालेली बंधनं काढून घेणं फार अवघड. दुकानांजवळ, इस्पितळाजवळ किंवा देवळाजवळ प्रश्न वेगळा असतो, तिथे लोक दिवसभर येत-जात असतात आणि जास्त तास लागू शकतात. मोजणीची वही तेच सांगेल.

मग तुमच्या वॉर्डच्या काउन्सिलरला भेटा, वही दाखवा. सह्यांच्या कागदावर दर घराची एकच सही घ्या, घर क्रमांकासह, आणि मागणी एका वाक्यात लिहा. विरोध करणाऱ्यांच्या दारावरही जा, आणि आधी ऐका. "आज फुकट आहे, मग पैसे का भरायचे" हा प्रश्न प्रत्येक दारावर येईल. त्याचं प्रामाणिक उत्तर: पाट्या, रेषा, वॉर्डन यांचा खर्च आहे, आणि तो भागवायला परमिटचा दर असतो. कौन्सिलने त्यातून इतर कामांसाठी कमाई करायची नाही. २०१३ साली हाय कोर्टाने बार्नेट कौन्सिलच्या खटल्यात हेच ठरवलं. त्या कौन्सिलने रहिवाशांचं परमिट ४० पौंडांवरून १०० वर आणि पाहुण्यांचं व्हाउचर १ पौंडावरून ४ वर नेलं होतं. डेव्हिड अ‍ॅटफील्ड या रहिवाशाने आव्हान दिलं आणि ती वाढ बेकायदेशीर ठरली. हे उदाहरण मी दारोदार सांगितलं. लोकांना आपल्या पैशाचं काय होतं यावर कायद्याचं लक्ष आहे हे कळलं की ते पुढचं ऐकतात.

शेजारच्या गल्लीलाही सोबत घ्या. तुमच्याकडे झोन आला की इथून उठलेल्या गाड्या तिकडे जातात. मग सहा महिन्यांनी तिथले लोक तुमच्यावर रागावून स्वतःचा झोन मागतात. एकदम मागितलेला झोन कौन्सिललाही सोयीचा पडतो.

यानंतर कौन्सिल घरोघर प्रश्नावली पाठवते. इथेच बहुतेक मोहिमा फसतात, कारण सही करणारे लोक प्रश्नावली भरत नाहीत. प्रत्येक घरी पुन्हा जाऊन "भरलीत का" एवढं विचारा. ज्यांना इंग्रजी जड जातं त्यांच्यासोबत बसा. आमच्याकडे गुजराती आजोबा-आजींसाठी त्यांच्या नाती बसल्या. पुढचा टप्पा कायदेशीर: प्रस्तावित आदेशाची सूचना प्रसिद्ध होते, बहुतेक वेळा दिव्याच्या खांबांवरही लागते, आणि हरकत घ्यायला किमान २१ दिवस मिळतात. नकाशा नीट बघा. तुमच्या समोरचा बे कुठे सुरू होतो, कुठे संपतो, झाडाच्या आळ्याशी येतो का, हे याच वेळी बदलता येतं. कधी कौन्सिल प्रायोगिक आदेश काढते, तो जास्तीत जास्त १८ महिने चालतो आणि त्यात पहिल्या सहा महिन्यांत हरकत नोंदवता येते.

झोन यायच्या वेळी काहींच्या डोक्यात येतं, पुढची बाग फोडून ड्राइव्ह-वे करून टाकू. करा, पण हिशेब मांडून. कर्ब उतरवायला कौन्सिलची परवानगी आणि पैसे लागतात. २००८पासून पुढच्या बागेत ५ चौरस मीटरपेक्षा जास्त जागा पाणी न झिरपणाऱ्या फरशीने झाकायची असेल आणि पाणी रस्त्यावर जाणार असेल तर बांधकाम परवानगी लागते. आणि तुमच्या ड्राइव्ह-वेच्या तोंडापाशी रस्त्यावरची साधारण एक जागा कायमची जाते. एका गाडीसाठी एक जागा मिळवून सगळ्यांची एक जागा घालवली, आणि गुलाबही गेले.

तिकीट लागलं तर

आधी कुणी दिलं ते बघा. कौन्सिलचं असेल तर त्यावर 'पेनल्टी चार्ज नोटीस' असं लिहिलेलं असतं. खासगी आवारातलं, सुपरमार्केटचं किंवा फ्लॅटच्या पार्किंगचं तिकीट हा वेगळा व्यवहार, त्याची अपील पद्धत वेगळी.

लंडनमध्ये एप्रिल २०२५पासून दंड वाढले. भागानुसार दंडाचे दोन पट्टे आहेत: महागड्या पट्ट्यात परमिटच्या बेमध्ये परमिट नसताना गाडी लावली तर १६० पौंड, स्वस्त पट्ट्यात १४०. १४ दिवसांत भरलं तर निम्मे. हरकत घ्यायची असेल तर पैसे भरू नका, भरले की प्रकरण संपतं. त्याच १४ दिवसांत लेखी हरकत घ्या. फेटाळली तरी निम्म्या दराची संधी बहुतेक पुन्हा देतात. फोटो लगेच काढा: बेची पाटी, गाडीची जागा, पुसट झालेली रेषा, झाडाने झाकलेली पाटी, आणि झोनच्या वेशीवरची पाटीसुद्धा. व्हाउचर घेतल्याचा संदेश जपून ठेवा.

हरकत फेटाळली तर काही दिवसांनी मालकाच्या नावे नोटीस येते. तिला २८ दिवसांत रीतसर उत्तर द्या. त्या उत्तराला कौन्सिलने ५६ दिवसांत प्रतिसाद दिला नाही तर तिकीट रद्द होतं, म्हणून पाठवल्याची तारीख लिहून ठेवा. तिथेही नकार आला तर लंडन ट्रायब्युनल्सकडे अपील. ते मोफत आहे, निर्णय देणारे कौन्सिलच्या नोकरीत नसतात, आणि घरबसल्या करता येतं. वेळ संपल्यानंतरच्या १० मिनिटांच्या सवलतीचा दाखला लोक हमखास देतात. ती पैसे भरलेल्या किंवा ठरावीक वेळ थांबू देणाऱ्या बेमध्ये, मुदत संपल्यावर लागू होते. परमिटच नसताना परमिटच्या बेमध्ये दहा मिनिटं थांबण्याची मुभा त्यात नाही.

वॉर्डनशी रस्त्यात वाद घालू नका. तिकीट दिल्यावर ते रद्द करणं त्यांच्या हातात नसतं, आणि बर्फात, पावसात दिवसभर चालणाऱ्या त्या माणसाला दोन चांगले शब्द ऐकायला मिळाले तर बरंच.

झोन सुरू झाल्यावर साधारण वर्षभराने बरीच कौन्सिल आढावा घेतात. तेव्हा तीच मोजणी पुन्हा करा, त्याच वेळांना, आणि जुनी वही सोबत ठेवा. वेळ बदलून हवी असेल, एखादा बे लांबवायचा असेल, कोपऱ्यावरच्या रेषेची लांबी कमी-जास्त करायची असेल, तर ती यादी आढाव्याच्या प्रश्नावलीसोबत काउन्सिलरलाही पाठवा, आणि खाली जितक्या घरांच्या सह्या मिळतील तितक्या घ्या.